नाव दोन मिलिमीटर खोल असतं: ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

ब्रिटनमधल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणीस आणि स्वयंसेवकांस,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरचा दुसरा रविवार हा इथला स्मरण-रविवार, युद्धात पडलेल्यांच्या आठवणीचा. पुष्कळदा तो दिवाळीच्या आगेमागेच येतो. गावच्या चर्चच्या आवारातल्या दगडी क्रूसापाशी सकाळी अकराला दोन मिनिटं शांतता पाळतात आणि लाल पॉपीची पुष्पचक्रं ठेवतात. आपली माणसंही मोठ्या आपुलकीने जातात, आणि जायलाच हवं. गेल्यावर मनात दोन गोष्टी येतात. एक, हा क्रूस किती काळवंडलाय, एखाद्या शनिवारी सगळे मिळून घासून काढू. दुसरी, आपल्याकडचेही इतके जवान पहिल्या महायुद्धात पडले, तर त्यांच्या नावाची एक पाटी इथेच बसवून घेऊ. दोन्हींमागचा भाव चांगला आहे, पण दोन्हींतून स्मारकाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. बादली भरायच्या किंवा वर्गणी काढायच्या आधी हे पत्र वाचावं, एवढीच विनंती.

हे क्रूस इतक्या संख्येने का उभे राहिले, तिथून सुरुवात करायला हवी. १९१५ च्या एप्रिलमध्ये विल्यम ग्लॅडस्टन हा तरुण अधिकारी फ्रान्समध्ये मारला गेला. माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा तो नातू. त्याचा मृतदेह खास परवानगीने वेल्समधल्या हार्डन या गावी आणून पुरला. ज्यांची पोच वरपर्यंत आहे त्यांचेच मुलगे घरी येणार का, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि मृतदेह परत आणण्यावर बंदी आली. जो जिथे पडला तिथेच त्याची माती. २१ मे १९१७ ला युद्धकबरी सांभाळणाऱ्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची स्थापना झाली, आणि त्यासाठी केलेल्या १९१८ च्या केन्यन अहवालाने तत्त्व पक्कं केलं: हुद्दा, जात, धर्म काहीही असो, दगड सगळ्यांना सारखाच. ८१३ मिलिमीटर उंच, ३८१ रुंद, ७६ जाड. जनरल असो की साधा शिपाई, मापात फरक नाही.

म्हणजे गावात आईबापांना कबरच नव्हती. फूल ठेवायला जागा हवी म्हणून गावोगाव वर्गणी निघाली आणि चर्चच्या आवारात क्रूस उभे राहिले. आज देशभरातली सगळ्या प्रकारची युद्धस्मारकं मोजली तर आकडा लाखाच्या आसपास जातो. यातली बहुतेक सरकारने बांधलेली नाहीत. ती लोकवर्गणीची आहेत, आणि त्यांच्यावरची नावं ही त्या गावच्या लोकांनी घरोघर विचारून जमवलेली नावं आहेत.

मराठी वाचकाला याचं नवल अधिक वाटेल, कारण आपल्याकडे नाव कोरायची पद्धत याच्या उलटी होती. मुंबईत कुलाब्याचं अफगाण चर्च हे पहिल्या अफगाण युद्धातल्या आणि सिंधच्या मोहिमेतल्या मृतांचं स्मारक, १८५८ मध्ये धर्मविधीपूर्वक खुलं झालेलं. त्यातला लेख सरळ सांगतो की अधिकाऱ्यांची नावं भिंतीवर लिहिली आहेत, आणि साधे सैनिक इतके होते की त्यांची नोंद करता आली नाही. साठ वर्षांनी पहिल्या महायुद्धानंतर आपल्या खेड्यांत संगमरवरी पाट्या लागल्या, त्यांचा मजकूर ठरलेला: या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. आकडे दोन, नाव एकही नाही. साताऱ्याजवळच्या आपशिंग्यातून गेलेले ४६ जण परतले नाहीत असं तिथे अभिमानाने सांगतात, गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागलं ते त्यामुळेच. इंग्लंडमधल्या एखाद्या दीडशे उंबऱ्यांच्या गावात मात्र शेतमजुराच्या मुलाचं नाव जमीनदाराच्या मुलाच्या नावाखाली नाही, वर्णक्रमाने त्याच्या आधीही कोरलेलं सापडतं. सगळीकडे नाही, काही समित्यांनी हुद्द्याप्रमाणेच यादी लावली. पण वर्णक्रम हा तेव्हाचा जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता.

तेव्हा या स्मारकाचा जीव नावांत आहे, आणि नाव दगडात दोन-तीन मिलिमीटरच खोल असतं. इंचभर उंचीचं अक्षर असेल तर त्याची रेघ तीन-चार मिलिमीटर रुंद आणि खोली त्याच्या निम्मी-पाऊण. या पत्रातली प्रत्येक सूचना त्या दोन मिलिमीटरसाठी आहे.

आता रचना बघू. खाली दोन किंवा तीन पायऱ्या, बहुधा अष्टकोनी किंवा चौकोनी. त्यावर जोत्याचा ठोकळा, नावं बहुतेक याच्या चार किंवा आठ बाजूंवर. त्यातून वर निमुळता होत जाणारा खांब, आणि माथ्यावर क्रूस. खांब आणि जोतं, खांब आणि माथा हे एकसंध नसतात. मध्ये भोकात धातूची खिट्टी घालून चुन्याने किंवा शिशाने बसवलेले असतात. खिट्टी तांब्याची किंवा ब्राँझची असेल तर ठीक. लोखंडाची असेल तर तिच्याकडे पुढे येतो. सर रेजिनाल्ड ब्लूमफील्ड यांनी कमिशनसाठी आखलेला ‘क्रॉस ऑफ सॅक्रिफाइस’ तुम्ही पाहिलाच असेल: दगडी क्रूसावर टोक खाली केलेली ब्राँझची तलवार. तो लहानमोठ्या मापांत आहे, साधारण १४ फुटांपासून ३२ फुटांपर्यंत. पण तो मुळात युद्धकबरींच्या जागांसाठी. गावच्या क्रूसांवर त्याची छाप दिसते, तरी ते त्याच्या नकला नव्हेत. कुठे मध्ययुगीन पडका क्रूस सावरून त्यावरच नावं घातली, कुठे केल्टिक वर्तुळाचा क्रूस, कुठे माथ्यावर छोटं दगडी देवघर असावं तसा कंदील-क्रूस. ख्रिस्ताच्या मूर्तीसह क्रूस उभारायचा की नुसता, यावर वाद व्हायचे. प्रॉटेस्टंट मंडळींना मूर्ती म्हणजे रोमन कॅथलिक थाट वाटायचा. पाथरवटांच्या छापील कॅटलॉगमधून मागवलेल्या एकसाची क्रूसांनी आवारं भरून जातील या काळजीपोटी रॉयल अकॅडमीने समिती नेमली, आणि १९१९ मध्ये व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये चांगल्या नमुन्यांचं प्रदर्शन भरवलं.

तारखांकडेही लक्ष द्या. कुठे १९१४–१९१८ कोरलंय, कुठे १९१४–१९१९. ही चूक नाही. शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ चा, व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. मृत्यू युद्धातला धरायची कमिशनची स्वतःची मुदत तर ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत जाते, कारण जखमी आणि आजारी नंतरही मरत राहिले. ‘१९१९ चुकलंय, दुरुस्त करून घ्या’ असं पत्र चर्चला लिहू नका.

दगड कोणता, हे ओळखता आलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. फिकट पांढरा, भिंगातून पाहिलं तर खसखशीसारखे गोल कण दिसणारा, तो पोर्टलँड किंवा त्याच्या जातीचा चुनखडी दगड. मधासारख्या रंगाचा, नखाने ओरखडा उठेल इतका मऊ, तो बाथकडचा. करडा-तपकिरी, हाताला वाळूसारखा खरखरीत, तो वालुकाश्म, यॉर्कशायरकडे जास्त. ठिपक्याठिपक्यांचा कठीण, तो कॉर्नवॉलचा किंवा ॲबरडीनचा ग्रॅनाइट. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर वाढलेल्या डोळ्यांना दगड म्हणजे न झिजणारी वस्तू वाटते. चुनखडी तशी नाही. ती पावसात विरघळते, अगदी हळू, पण विरघळते. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या कठड्यात पूर्वी शिशाचे बूच दगडाच्या पातळीत बसवले होते. आज ते वर आलेले दिसतात. शिसं वर आलेलं नाही, भोवतीचा पोर्टलँड दगड खाली गेला आहे.

कोळशाच्या धुरातला गंधक वायू पावसात मिसळून चुनखडीवर बसला की तिचं जिप्सम होतं. जिथे पाऊस थेट लागतो तिथे ते धुऊन जातं आणि दगड पांढरा राहतो. जिथे लागत नाही, म्हणजे माथ्याच्या हातांखाली आणि कंगोऱ्यांच्या आडोशाला, तिथे काजळी धरून काळा पापुद्रा जमतो. तुम्हाला ‘घाण’ वाटतो तो हाच. तो वरचा मळ नाही, दगडाचीच बदललेली कातडी आहे. खरवडलात तर खालचा पिठूळ झालेला भाग सोबत निघतो, आणि त्या भागात अक्षर असेल तर अक्षरही.

अक्षरं तीन तऱ्हांची. पहिली नुसती टाकीने कोरलेली, आडवा छेद घेतला तर इंग्रजी व्हीसारखी. दुसरी शिशाची. अक्षर उथळ कोरून आत तिरकी भोकं पाडायची, वर शिशाचा पत्रा ठेवून लाकडी मोगरीने ठोकायचा म्हणजे शिसं भोकांत शिरून पकड घेतं, मग उरलेलं कापून दगडाच्या पातळीत घासून काढायचं. दगड झिजला की शिशाची कड वर येते, कडेमागे पाणी शिरतं, गोठतं, आणि अक्षर सैल होतं. कुणी प्रेशर वॉशर मारला तर एका दुपारी दहा-बारा अक्षरं गवतात पडलेली सापडतात. पडलेलं शिसं फेकू नका, खिशातही घालू नका. पाकिटात घालून, कोणत्या नावातलं कोणतं अक्षर ते लिहून, चर्चच्या जबाबदार माणसाकडे द्या. अक्षर हरवलं तरी भोकं राहतात, आणि भोकांच्या मांडणीवरून जाणता पाथरवट गेलेलं अक्षर ओळखतो. तिसरी तऱ्हा ब्राँझच्या पाटीची. तिच्यावरचा तपकिरी-हिरवट थर हा गंज नव्हे, तो तिचं कवच आहे. घरच्या समईला चिंच, लिंबू, पितळेची पावडर लावतो तसं इथे लावलं तर कवच जातं, उठावाची अक्षरं गोल होतात, आणि पुढच्या पावसात तांब्याचं हिरवं पाणी खालच्या दगडावर ओघळतं. ब्राँझला वर्षातून एकदा मऊ कापडाने मेण लावणं पुरतं, तेही ज्याला कळतं त्याने.

पुसट झालेलं नाव वाचायचं असेल तर दगडाला हात लावायची गरजच नाही. संध्याकाळी अंधारताना टॉर्च घ्या, दगडाच्या समोर न धरता अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून धरा. प्रकाश तिरका सरकला की खाचेत सावली भरते आणि दिवसा न दिसणारं नाव उभं राहतं. टॉर्च आधी डावीकडून, मग वरून धरून दोन फोटो काढा. खडू घासून, पीठ भरून, कोळशाने रंगवून नाव उठवायचा उद्योग करू नका. पीठ छिद्रांत राहतं आणि त्यावर बुरशी पोसते.

आता लोखंडी खिट्टीची गोष्ट. लोखंड गंजलं की आकाराने फुगतं, आणि ते दगडाच्या पोटात फुगलं तर दगड फुटतो. खांब आणि जोत्याच्या सांध्यापासून निघालेली उभी, केसासारखी चीर, तिच्या कडेला तांबूस ओघळ, हे त्याचं लक्षण. असा क्रूस धुऊ नका, त्याला टेकू नका, आणि शिडी तर मुळीच लावू नका. शिडी कोणत्याच क्रूसाला लावू नका, चीर असो वा नसो: वरचा माथा एका खिट्टीवर उभा असतो आणि त्याचं वजन माणूस चिरडायला पुरेसं असतं.

दुसरी नेहमीची चूक सिमेंटची. सांधा उघडा पडलेला दिसला की कुणीतरी उत्साही गृहस्थ तो सिमेंटने बुजवतो. सिमेंट दगडापेक्षा कठीण आणि पाण्याला बंद. आत शिरलेलं पाणी सांध्यातून बाहेर पडायचं ते आता दगडातून पडू लागतं, थंडीत तिथेच गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि दगडाच्या कडा उडतात. काही वर्षांनी सिमेंटची रेघ शाबूत आणि दोन्ही बाजूंचा दगड खाल्लेला, असं उफराटं चित्र दिसतं. इथे चुनाच हवा. सामान्यतः पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्याच्या एका भागाला चांगल्या चाळलेल्या वाळूचे तीन भाग. जुना माल सांध्याच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोलीपर्यंत हाताने काढायचा, ग्राइंडरने नाही. भरल्यावर काही दिवस ओलं गोणपाट, आणि तापमान पाच अंशांखाली जाणार असेल तर काम पुढे ढकलायचं. वाडे सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या गवंड्याला यात नवीन काही नाही. पण हे काम स्वयंसेवकांचं नव्हे. काम देणाऱ्याने कंत्राटदाराला काय विचारावं, ते कळावं म्हणून लिहिलं.

मग स्वयंसेवकांनी काय करायचं? परवानगी मिळाल्यावर, एप्रिल ते सप्टेंबरच्या दरम्यान, पुढचे काही दिवस थंडीचा कडाका नाही हे बघून, साधं पाणी आणि मऊ ब्रश. एवढंच. आधी चारही बाजूंचे फोटो. मग दगडाला तळहात लावून बघा: हाताला पीठ किंवा वाळू लागली, पापुद्रा हलला, टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला, किंवा एखादं शिशाचं अक्षर हललं, तर काम तिथेच थांबवा. तसं नसेल तर मागच्या बाजूला, जिथे नाव नाही अशा वीतभर जागेवर करून बघा आणि ती वाळल्यावर पुढे जा. शेवाळ आधी ओलं करायचं, लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने सावकाश उचलायचं, मग ब्रश. खालून वर जायचं, म्हणजे मळकं पाणी कोरड्या दगडावर ओघळून डाग पडत नाहीत. पाणी बादलीतून, थोडं थोडं, वारंवार बदलून. दोन माणसं आणि चार बादल्या पुरतात. वीस माणसं आली तर अठरा जणांना पालापाचोळा काढायला लावा, आणि गवत कापायचं यंत्र पायरीच्या जवळ नेऊ देऊ नका, पायऱ्यांच्या कडा त्यानेच सर्वांत जास्त फुटतात.

दगडफूल मात्र राहू द्या. होय, गोडा मसाल्यातलं दगडफूल ज्या कुळातलं, त्याच कुळातले हे करडे, पिवळे, शेंदरी ठिपके. ते वर्षाला मिलिमीटरच्या आसपास वाढतात, दगडाच्या कणांत रुतलेले असतात, आणि उपटले की कण घेऊनच निघतात. नावावरच आलं असेल आणि नाव वाचता येत नसेल, तर जाणकाराला विचारायचं.

तारेचा ब्रश, प्रेशर वॉशर, ब्लीच, साबण, व्हिनेगर, संडास धुवायचं आम्ल, यांतलं काहीही आणू नका. आम्ल चुनखडीवर फसफसतं, ते फसफसणं म्हणजेच दगड जाणं. ब्लीचमधून क्षार आत जातात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि पृष्ठभाग आतून ढकलतात. ‘पाणी न शिरणारं’ पारदर्शक रसायनही नको. पाणी आत शिरायला त्याला खालून जमीन आहेच, बाहेर पडायची वाट तेवढी बंद होते.

आणि एक गोष्ट आपल्या माणसांनाच सांगायला हवी, कारण इथल्या मार्गदर्शक पुस्तिकांत ती सापडणार नाही. हळद, कुंकू, तेल, गुलाल. अभिवादन करताना हात सहज ताम्हनाकडे जातो. सच्छिद्र पांढऱ्या दगडावर ओल्या हळदीचा डाग बसला की तो पाण्याने निघत नाही. कुंकवाचा रंग आत उतरतो. पणतीतलं तेल सांडलं तर दगड ते टीपकागदासारखं पितो, मग तिथे धूळ धरून काळं वर्तुळ होतं, आणि ते काढायला तज्ज्ञाकडून लेप लावून तेल ओढून घ्यावं लागतं. झेंडूचा हार पायरीवर ठेवला आणि रात्री पाऊस झाला तरी पिवळट ओघळ उमटतो. पॉपीच्या चक्राची लोखंडी तार गंजली तर तिचाही डाग पडतो, तेव्हा हा दोष एकट्या झेंडूचा नाही. उपाय सोपा आहे: गवतावर लाकडी तिवई किंवा पाट ठेवा, हार त्यावर. दिवा लावायचाच तर काचेच्या झाकणाचा, ताटात, दगडापासून दोन हात लांब. क्रूसाला गंध लावू नये, हे तर दगडाचा विचार न करताही कळावं.

परवानगी कुणाची, यात सगळ्यांत जास्त घोटाळा होतो. पॅरिश कौन्सिल म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखी नागरी संस्था. पॅरोकिअल चर्च कौन्सिल म्हणजे त्या चर्चची समिती. नावं सारखी, कारभार वेगळे. क्रूस चर्चच्या आवारात असेल तर आधी चर्चचे धर्मगुरू आणि ही दुसरी समिती. आवार ‘बंद’ झालेलं असेल, म्हणजे तिथे नव्याने दफन होत नसेल, तर देखभाल स्थानिक नागरी संस्थेकडे गेलेली असू शकते, म्हणून तिलाही विचारायचं. १९२३ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना स्मारकांवर खर्च करायची मुभा आहे, पण सक्ती नाही. त्यामुळे ‘कौन्सिल काहीच करत नाही’ असा आरडाओरडा करण्यात अर्थ नसतो.

चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात काही बदलायचं, बसवायचं किंवा काढायचं तर ‘फॅकल्टी’ लागते. कॉलेजातली नव्हे, धर्मप्रांताच्या न्यायालयाचा परवाना. तो देणाऱ्याला चान्सलर म्हणतात, पण तोही विद्यापीठाचा नव्हे, न्यायाधीश असतो. किरकोळ कामाला आर्चडीकनची, म्हणजे धर्मप्रांतातल्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची, लेखी संमती पुरू शकते. कोणतं काम किरकोळ, हे तुम्ही ठरवायचं नाही, धर्मप्रांताच्या सल्लागार समितीला आधी विचारायचं. क्रूस सरकारी वारसा यादीत स्वतंत्रपणे नोंदलेला असेल तर स्थानिक नियोजन कार्यालयाचीही परवानगी लागेल. वॉर मेमोरियल्स ट्रस्ट ही संस्था १९९७ पासून असल्या कामांत सल्ला आणि अनुदान देते, पण काम सुरू केल्यावर नाही, आधी विचारल्यावर. आणि आवारात त्या प्रमाणित मापाचे पांढरे युद्धकबरींचे दगड असतील तर त्यांना हात लावूच नका. त्यांची निगा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे वर आलेलं तेच कमिशन आजच्या नावाने, राखतं. दगड तुटलेला दिसला तर त्यांना कळवा.

आता पाटीचा विषय. गावच्या क्रूसाच्या जोत्यावर ‘भारतीय सैनिकांच्या स्मरणार्थ’ अशी पाटी बसवायला आमचा स्पष्ट विरोध आहे. पाटीला चार भोकं पडतात, चार स्क्रू येतात आणि मागे पाणी साचतं, हे झालं तांत्रिक कारण. खरं कारण असं की ती यादी त्या गावची आहे. तिच्यात घरोघरची माणसं आहेत. आपण तिथे एक सर्वसाधारण वाक्य डकवलं तर ज्या बिननावाच्या पाट्यांबद्दल आपली तक्रार, त्यांच्यातच एकीची भर घालू.

चांगला मार्ग कोणता, ते ब्राइटनमध्ये बघायला मिळतं. तिथल्या रुग्णालयांत दगावलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांपैकी ५३ जणांचं दहन शहराबाहेरच्या टेकडीवर झालं. त्या जागेवरची संगमरवरी छत्री १ फेब्रुवारी १९२१ ला खुली झाली. तिचा आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुरचनाकाराचा, सर सॅम्युअल स्विंटन जेकब यांच्या देखरेखीखाली केलेला. आठ खांब, वर घुमट, आणि नाव एकाचंही नाही. २०१० मध्ये कमिशनने ती ५३ नावं कोरली, पण छत्रीवर नव्हे. शेजारी वेगळं स्मारक उभारून त्यावर. जुन्या संगमरवराला ओरखडाही नाही, आणि नावं मात्र पुरती आली.

चर्चच्या आवारात भारतीय माणूस बघायचा असेल तर हॅम्पशरमधल्या ब्रॉकनहर्स्टला जा. १९१५ मध्ये तिथे जखमी भारतीय सैनिकांसाठी लेडी हार्डिंग रुग्णालय होतं, गावात अजून मेरठच्या नावाचा मीरट रोड आहे. गावाबाहेर टेकाडावर सेंट निकोलसचं जुनं चर्च, शेजारी हजार वर्षांचा मानला जाणारा यू वृक्ष. आवारात पहिल्या महायुद्धातल्या न्यूझीलंडच्या सैनिकांच्या ९३ कबरी रांगेत आहेत. त्याच आवारात सुखा नावाच्या माणसाचा दगड आहे. बरेलीकडचा, रुग्णालयात झाडूकाम करणारा, १२ जानेवारी १९१५ ला वयाच्या तिसाव्या वर्षी वारलेला. पुन्हा पुन्हा सांगितली जाणारी हकिगत अशी, की अस्पृश्य म्हणून हिंदू त्याचं दहन करीनात, मुसलमान नाही म्हणून वोकिंगच्या मशिदीने दफन नाकारलं, आणि अखेर ब्रॉकनहर्स्टच्या धर्मगुरूंनी त्याला आपल्या आवारात जागा दिली. दगड गावकऱ्यांनी वर्गणीतून उभारला, आणि तसं त्यावर कोरलं. त्यावर नाव आहे, गावचा पत्ता आहे, काम काय करत होता ते आहे, आणि तो ख्रिस्ती नव्हता हेही स्पष्ट आहे. त्या काळात आपल्या गावकुसाबाहेरच्या किती माणसांच्या वाट्याला एवढा मजकूर आला?

तेव्हा मंडळांनी पैसा आणि वेळ खर्च करायचाच तर इथे करा. तुमच्या भागातल्या चर्चच्या आणि नगरपालिकेच्या दफनभूमींत भारतीय नावं आहेत का, ते कमिशनच्या नोंदींत शोधा. ब्रिटनमध्ये त्यांची १२ हजारांहून अधिक ठिकाणं आहेत. नाव चुकीचं लिहिलेलं असेल, आणि मराठी नावं इंग्रजीत हमखास चुकतात, तर पुराव्यासह दुरुस्ती सुचवा. नुसतं ‘हे असं नसतं’ म्हणून भागत नाही. गावच्या क्रूसावरचं एखादं खरोखर सुटलेलं नाव सापडलं तर त्याचा गावाशी संबंध, मृत्यूची तारीख आणि कारण यांचे कागद जोडून चर्च समितीपुढे ठेवा. नाव घालायचं ठरलंच तर ते त्याच अक्षराच्या वळणाचं, त्याच खोलीचं, आणि यादीच्या शेवटी, मधली नावं न खोडता. आणि तिरक्या टॉर्चने काढलेले फोटो इम्पीरियल वॉर म्युझियमच्या स्मारक-नोंदवहीकडे पाठवा. नाव पुन्हा कोरावं लागलं तर ते कसं होतं, हे त्याच फोटोंवरून ठरेल.

ब्रॉकनहर्स्टला गेलात तर सुखाच्या दगडापाशी फुलं गवतावर ठेवा. पावसाळी दिवस असेल तर निघताना झेंडू परत घेऊन या.

आपले,
ब्रिटनमध्ये दगडकाम आणि स्मारकांच्या देखभालीत काम करणारे काही मराठीजन